मसणवाटेवरचा दवाखाना

उंबरगव्हाणच्या गोजरबाई आमदार कशा झाल्या हे बार्शीच्या बाजारात चौघांना विचारा, चार गोष्टी ऐकायला मिळतील आणि चौघंही आईची शपथ घेऊन सांगतील. खरं ते एवढंच. बासष्ट सालच्या निवडणुकीत त्या भागातल्या दोन पुढाऱ्यांची एका तिकिटावरून जुंपली. दोघंही अडून बसले. मिटवायला बसलेला एक म्हातारा वैतागून म्हणाला, "अरे, तुमा दोघांच्या नाळा जिनं कापल्या त्या गोजरबाईलाच उभी करा, म्हंजी दोघांचीबी तोंडं बंद हुतील." म्हातारा थट्टेनं बोलला होता, पण दोघांनाही ते पटलं. आपल्याला नाही तर त्यालाही नको, एवढंच तर दोघांचं मागणं होतं.

गोजरबाई सुईण. शाळेचं तोंड कधी पाहिलं नव्हतं, भाषण तर लांबच राहिलं. प्रचाराला गावोगाव जायच्या, पारावर बसायच्या आणि समोरच्या बाप्याला विचारायच्या, "कुनाचा रं तू? व्हय व्हय, पायाळू जलमलावतास. आईला लई तरास दिलास की." मिशीवाला गडी चारचौघांत खाली मान घालायचा आणि मत देऊन मोकळा व्हायचा. पेटी फुटली तेव्हा समोरच्याचं डिपॉझिट गेलं होतं.

पाच वर्षांत विधानसभेत त्या एकदाच मनापासून बोलल्या. आमच्या भागात बाळंतपणात किती बाया मेल्या, असा त्यांचा प्रश्न होता. कुणाकडून तरी लिहून घेतलेला. मंत्र्यांनी ठरलेलं उत्तर दिलं, की माहिती गोळा करण्याचं काम चालू आहे. गोजरबाई उभ्या राहिल्या. "अध्यक्ष महाराज, ती म्या आनलीया," म्हणाल्या आणि नावं सांगायला लागल्या. नाव, गाव, वय, मागं किती लेकरं राहिली. हातात कागद नव्हता, असून उपयोगही नव्हता. वेळ संपल्याची घंटा वाजली, पण त्यांना ती कुणासाठी वाजते हे ठाऊक नव्हतं की ठाऊक असून त्यांनी ऐकली नाही, देव जाणे. दुसऱ्यांदा घंटा वाजवायला गेलेला अध्यक्षांचा हात तसाच थांबला. एकतीस नावं झाली. "बसते," म्हणाल्या आणि बसल्या. सभागृहात कागद उलटल्याचासुद्धा आवाज नव्हता, असं सांगतात.

हे सगळं वच्छलाच्या कानावर आलं ते चौऱ्याहत्तर साली, सोलापुरात नर्सचं शिक्षण संपवून उंबरगव्हाणच्या दवाखान्यावर तिची नेमणूक झाली तेव्हा. वच्छला वेळापूरची, बावीस वर्षांची, शेतकऱ्याच्या घरची. ज्या बाईनं मंत्र्याला गप्प केलं तिच्या गावात आपण जाणार म्हणून एसटीत तिला बसवेना. माजी आमदार म्हणजे दारात जीप, ओसरीवर माणसं, असं काहीतरी तिच्या डोक्यात होतं.

दवाखान्यासमोर पोचली तर एक साठी उलटलेली बाई लुगड्याचा काचा मारून ओसरी शेणानं सारवत होती. वच्छलाला बघून तिनं हात धुतले, आत जाऊन तांब्या आणि भाकरी आणली, नर्सबाईच्या पायावर पाणी ओतलं, तिच्यावरून भाकरतुकडा ओवाळून टाकला आणि मगच उंबरा ओलांडू दिला. नव्या सुनेला घरात घेतात तसं.

"मी गोजराबाय," ती म्हणाली. "तुज्या आदी तिगी आल्या आनि बदली करून गेल्या. तू ऱ्हा बाई. लई वाट बगितली."

मंत्र्यानं ज्यांना 'सन्माननीय सदस्या' म्हणावं त्यांनी आपले पाय धुतले, या विचारानंच वच्छलाला घाम फुटला. आधीच्या तिघी का गेल्या हे विचारायचं राहून गेलं. ते तिला चौथ्या दिवशी कळलं. दवाखान्यासमोरच्या वाटेनं एक तिरडी गेली आणि पुढं पन्नास पावलांवर जाऊन उतरली.

तर ही अशी गंमत. एकतीस नावांनंतर सरकारनं गावाला बाळंतपणाचा दवाखाना मंजूर केला. अट एवढीच, की जागा गावानं फुकट द्यायची. आता फुकट द्यायची म्हटल्यावर आपलं गाव काय देतं? सरपंच महिपतीनं मसणवट्याला लागून असलेला गायरानाचा तुकडा दिला. कुणाचं एक ढेकूळ गेलं नाही आणि गाव दानशूर ठरलं. इमारत झाली मात्र झकास. लोखंडी कॉट आल्या, दिवा आला, सलाईनची बाटली टांगायचा खांब आला. आणि एकही बाई बाळंत व्हायला आली नाही.

यायची कशी? पोटुशी बाईनं त्या वाटेला फिरकू नये, हे पोरीला चालता येण्याआधी शिकवलेलं. आत बाई कळा देत असताना बाहेरून तिरडी गेली म्हणजे? लोक म्हणायचे, जीव येतो ती जागा आणि जीव जातो ती जागा, दोन्हीला एकच दार ठेवलंय सरकारनं. गोळ्यांना यायचे, इसबाला मलम न्यायला यायचे, कुत्रं चावलं तर पळत यायचे. बाळंतपण मात्र घरीच, धुराच्या अंधाऱ्या खोलीत. वच्छला घरी जायलाही तयार होती, पण बोलावणं यायचं ते सगळे उपाय थकल्यावर.

आणि गोजरबाईंचा, म्हणजे गावाच्या आक्कांचा, हट्ट असा, की दवाखाना झाल्या दिवसापासून त्यांनी घरचं एकही बाळंतपण केलं नव्हतं. "दवाखान्यात आन. मी तितं येते," एवढंच उत्तर. ज्या हातांवर निम्मा तालुका जन्मला ते हात ओसरी सारवत बसले होते. लोक शेजारच्या गावची सुईण आणायला लागले. वर टोमणा असायचाच, की लोका सांगे ब्रह्मज्ञान, स्वतः कोरडे पाषाण. आक्काची सून कुठं बाळंत होते ते बघू की.

गोजरबाईंनी तेही करून दाखवलं. त्यांचा एकुलता मुलगा रामहरी, त्याची बायको फुलाबाई तिसऱ्यांदा पोटुशी होती. दिवस भरल्यावर आक्कांनी तिचा हात धरला आणि भर दुपारी, सगळं गाव बघत असताना, तिला मसणवाटेनं चालवत आणलं. वच्छला दारात उभी होती. आक्कांचा चेहरा घट्ट, पण जवळ आल्यावर तिला दिसलं की त्यांच्या ओठांची हालचाल थांबत नाही. देवाचं नाव चाललं होतं.

"आक्का, तुम्हालापण भीती वाटते?" वच्छलानं हळूच विचारलं.

"मग? मी काय दगडाची हाय?" गोजरबाई म्हणाल्या. "भ्या वाटतंय म्हनून तर हात घट्ट धरलाय. तिच्यापरास माजाच हात कापतोय."

मुलगा झाला. धडधाकट. पाचव्या दिवशी आक्कांनी सटवाईची पूजा दवाखान्यातच मांडली, पाटा पुजला, कोरा कागद नि टाक ठेवला. वच्छलाच्या मनात आलं, आता झालं, आता बाया येणार. रात्रभर तिला आनंदानं झोप लागली नाही.

एकही आली नाही. गावानं आपल्या परीनं अर्थ लावला. "आक्काचं काय बाबा. ती आमदारीन. तिला मसनातली भुतंबी रामराम घालत्यात. आपलं तसं हाय व्हय?" ज्या बाईला घाबरून नव्हे तर मानानं सगळे वाकायचे, तिच्यासारखं वागायचं मात्र कुणाच्या मनात येईना. देव्हाऱ्यात बसवलं की झालं, मग देवासारखं वागायला कोण सांगतंय. वच्छलाला लोकांचा इतका राग आला, की दोन दिवस तिनं मलमसुद्धा धड बोलून दिलं नाही.

पुढच्या वर्षी ज्येष्ठात शिवबाईचं झालं. एकोणीस वर्षांची पोर, पहिलटकरीण, माहेरी कुणी नाही म्हणून सासरीच. सकाळी तिची सासू आक्कांकडं आली. आक्का म्हणाल्या, "दवाखान्यात आन. मी तितं येते." सासू परत गेली आणि शेजारच्या गावाला माणूस धाडला. दुपारी वच्छलाला बोलावणं आलं तेव्हा पोर झालं होतं, पण रक्त थांबत नव्हतं. अंधाऱ्या खोलीत वच्छलाला सलाईन लावायला शीर सापडेना. खोलीतली सगळी कुलपं उघडलेली, सगळ्या गाठी सोडलेल्या, बाईचे केस मोकळे सोडलेले, घरातल्यांनी माहीत होतं ते सगळं केलं होतं. दवाखान्यापासून चारशे पावलांवर शिवबाई गेली. संध्याकाळी दवाखान्यावरूनच तिला नेली.

वच्छला आक्कांच्या घरी गेली. रडून तिचे डोळे सुजले होते. मोठ्या माणसाशी कसं बोलावं याचं तिला भान राहिलं नाही.

"आक्का, तुम्ही सकाळीच गेला असता तर?"

"तर जगली असती," गोजरबाई म्हणाल्या. "म्हाईत हाय मला."

इतकं सरळ उत्तर येईल असं वच्छलाला वाटलं नव्हतं.

"आनि त्याच्याबी मागची चूक माजीच हाय," आक्का पुढं म्हणाल्या. "गावानं ती जागा दिली तवा मी मुंबईला व्हते. कागद आला. मला ठावं व्हतं कुटली जागा ती. म्हनलं, चार भिंती तर उभ्या ऱ्हाऊ देत, बाया येतील. माजी वड्याकाठची पट्टी व्हती की. काळी, हिरीच्या पान्याची. ती दिली असती तर बाया हासत आल्या असत्या. पन ती हीर आमच्या मालकांनी हातानं खांदलेली. मन झालं न्हाई. दुसऱ्याच्या गायरानावर आमदारकी केली मी."

त्या दिवशी वच्छलाला पहिल्यांदा कळलं की मोठं माणूस म्हणजे काय. मंत्र्याला गप्प करणं सोपं असेल. पण बावीस-तेवीस वर्षांच्या पोरीसमोर बसून आपली खोट काढून दाखवायची, आणि डोळे खाली करायचे नाहीत, हे तिनं आयुष्यात कुणाला करताना पाहिलं नव्हतं.

महिन्याभरात वरून कागद आला. मार्चअखेरपर्यंत बाळंतपणं होत नसतील तर नर्स बार्शीला पाठवावी आणि इमारत गोदामाला द्यावी. लिहिणाऱ्याचं काय चुकलं? सहा-सात वर्षांत एक बाळंतपण, तेही आमदारीणबाईच्या सुनेचं. वच्छलानं कागद वाचून दाखवला.

"बाया हलत न्हाईत तर मढी हलवू," आक्का म्हणाल्या.

दुसऱ्याच दिवशी त्यांनी चावडीवर गाव बोलावलं. मसणवटा ओढ्यापलीकडं न्यायचा, असं सांगितलं. गाव हसलं, मग चिडलं. वाडवडील तिथं जळले, आम्ही कुठं जाणार? आणि जागा कोण देणार? मसणाला शेत देणारा जन्माला यायचाय.

"माजी वड्याकाठची पट्टी देते," आक्का म्हणाल्या.

रामहरी आईकडं बघतच राहिला, घरी त्याला कुणी विचारलंही नव्हतं. त्या पट्टीत पाच-सहा पोती नुसता हरभरा निघायचा. सरपंच महिपतीनं घसा खाकरला. हासुद्धा आक्कांच्याच हातावर जन्मलेला.

"आक्का, जमीन दिलीसा, उपकार झाले. पन नव्या जाग्यात पयला कोन जानार? एकट्या मढ्याला तितं कोन ठिवल? आपल्या मान्साला कोन असं परक्या जाग्यात टाकनार?"

हा प्रश्न खरा होता. मसणवट्यातसुद्धा शेजार लागतो आपल्या लोकांना.

"मी हाय की," गोजरबाई म्हणाल्या.

काहीजण हसले. महिपती म्हणाला, "आक्का, तुमी शंबर वर्सं जगा." पण वच्छला हसली नाही. गेले काही दिवस आक्का पोट धरून बसायच्या हे तिनं पाहिलं होतं. दिवाळीआधी ती त्यांना सोलापूरला घेऊन गेली. मोठ्या डॉक्टरांनी तपासलं आणि तिला बाजूला घेऊन सांगितलं, की गाठ फार वाढली आहे, घरी ठेवा, दुखणं कमी होईल असं औषध देतो. परतीच्या एसटीत आमदारांसाठी राखलेली जागा रिकामी होती. वाहक ओळखीचा निघाला, बसा म्हणाला. आक्का बसल्या नाहीत. मागच्या बाकड्यावर एका ओल्या बाळंतिणीला जागा करून देऊन तिचं पोर मांडीवर घेऊन बसल्या. डॉक्टर काय म्हणाले हे त्यांनी विचारलं नाही. दोघींनाही ठाऊक होतं.

खरी अडचण रामहरीची होती. त्याचे वडील कोंडीबा आठ वर्षांपूर्वी गेले. जुन्या मसणवट्यात त्यांच्या जागी त्यानं दगड बसवलेला, दर सणाला तिथं दिवा लावायचा. आईला त्यांच्याशेजारी न्यायचं, हे त्यानं मनाशी कधीच ठरवून ठेवलं होतं. शेवटच्या आठवड्यात तो वच्छलाला म्हणाला, "बाई, जमीन दिली, माजं काय म्हननं न्हाई. पन आईला येकलीला पल्याड टाकू? बापाला काय तोंड दाखवू? तुमी तिला समजवा."

वच्छलानं समजावलं नाही. तिची जीभ रेटेना. कुठल्या तोंडानं सांगणार, की आक्का, तुमचा नवरा तिथं आहे आणि माझा दवाखाना इथं आहे, तुम्ही दोघांपैकी एक निवडा. आणि कुठल्या तोंडानं सांगणार, की निवडू नका. ती नुसती त्यांचे पाय चेपत बसली.

"रामा ऐकंल का न्हाई ठावं न्हाई," आक्का मध्येच म्हणाल्या. "मी त्याला शपथ घातली न्हाई. मेल्यालं मानूस जित्याला बांदून घालतं, ते बरं न्हवं. त्याच्या मनात आलं तर नेईल."

माघ महिन्यात, एका सकाळी, आक्का गेल्या.

दुपारपर्यंत गाव माणसांनी भरलं. दुधनीपासूनची माणसं आली. बार्शीहून मामलेदार जीपनं आले, दोन पोलीस आले, जुने दोन्ही पुढारी आले आणि एकाच झाडाखाली उभे राहिले. बायका मसणात जात नाहीत, तेव्हा वच्छला दवाखान्याच्या ओसरीवर थांबली. तिरडी इथूनच जाईल, तेव्हा पायावर डोकं ठेवायचं म्हणून तिनं झेंडूची फुलं ओंजळीत धरली होती. इथून जाऊ नये म्हणूनही तिचा जीव तुटत होता. एकाच मनात दोन्ही होतं, आणि दोन्हीची तिला लाज वाटत होती.

वेशीबाहेर वाट फुटते तिथं विसावा आहे. तिथं तिरडी टेकवतात, खांदेकरी बदलतात. ओसरीवरून ते ठिकाण स्वच्छ दिसत होतं. तिरडी टेकली. विस्तवाचं मडकं घेतलेला पुढं चालतो आणि बाकीचे त्याच्या मागं. मडकं रामहरीच्या हातात होतं. तो विसाव्याशी उभा राहिला. डावीकडं बापाचा दगड, उजवीकडं ओढा. महिपतीनं त्याच्या खांद्यावर हात ठेवून काहीतरी म्हटलं. रामहरी हलला नाही. शेदोनशे माणसं त्याच्या पाठीकडं बघत उभी राहिली. मडक्यातला धूर त्याच्या तोंडावर येत होता आणि तो तोंड फिरवत नव्हता.

मग तो उजवीकडं वळला.

त्याच्या मागं तिरडी वळली. तिच्या मागं मामलेदार, पोलीस, दोन्ही पुढारी, महिपती, सगळं गाव वळलं. दवाखान्याच्या वाटेवर एकही माणूस आला नाही. वच्छला फुलं धरून उभी राहिली आणि गर्दी ओढ्याकडं उतरत दिसेनाशी झाली. आक्कांचं शेवटचं दर्शन तिला मिळालं नाही. ती ओसरीवर बसून मोठ्यानं रडली, आणि रडतारडता तिनं हात जोडले ते ओढ्याच्या दिशेनं.

पंधरा दिवसांत गावातला एक म्हातारा गेला. त्याच्या मुलांनी कुणाला विचारलं नाही, सरळ ओढ्यापलीकडं नेला. आक्का तितं हायत म्हणाले. नंतर आणखी एक गेला, तोही तिकडंच.

फाल्गुनातल्या एका सकाळी बैलगाडीचा आवाज आला. वच्छला बाहेर आली. गाडीतून शिवबाईची सासू उतरली. तिनं आपल्या थोरल्या सुनेला दोन्ही हातांनी धरून खाली घेतलं. सुनेला कळा येत होत्या. सासूनं एकदा त्या रिकाम्या वाटेच्या टोकापर्यंत बघितलं, एकदा ओढ्यापलीकडं बघितलं आणि पदरानं डोळे पुसले.

"चल बाई," ती सुनेला म्हणाली, "आत चल."